सरावप्रश्नाचा रूपबंध : नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षांच्या पूर्वतयारीची चिकित्सा

गोषवारा : संगणक नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षा हा महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या रोजगाराशी थेट जोडला गेलेला विषय आहे. या परीक्षांच्या तयारीसाठी निर्माण झालेले साहित्य, म्हणजे सरावपुस्तके, प्रश्नपेढ्या, चोरलेले प्रश्नसंच आणि आभासी प्रयोगशाळा, यांकडे मात्र चिकित्सक दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात सीसीएनए ही परीक्षा मध्यवर्ती धरून सरावप्रश्नाच्या रूपबंधाचा विचार केला आहे. उत्तर ओळखण्याचा सराव आणि दोष शोधण्याचा सराव यांतील भेद स्पष्ट करणे व त्या संदर्भात महाविद्यालयीन अध्यापनाची जबाबदारी तपासणे, हे या लेखाचे प्रयोजन आहे.

बीजसंज्ञा : सरावप्रश्न, प्रमाणपत्र परीक्षा, सबनेटिंग, दोषनिवारण, प्रात्यक्षिक, पाठांतर.

१. प्रास्ताविक

मराठी शैक्षणिक व्यवहारात 'सराव' या शब्दाला दोन अर्थ प्राप्त झालेले आहेत. पहिला अर्थ तालमीतल्या मेहनतीचा किंवा गायकाच्या रियाझाचा. तीच कृती पुनःपुन्हा केल्याने ती अंगवळणी पडते आणि प्रसंगी वेगळ्या रूपात उपयोगी येते. दुसरा अर्थ दहावी-बारावीच्या परीक्षांनी रूढ केला. गाइडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवणे म्हणजे सराव. या दुसऱ्या सरावात लक्ष विषयाकडे कमी आणि प्रश्न काढणाऱ्याच्या मनाकडे अधिक असते. नेटवर्किंगच्या प्रमाणपत्र परीक्षांची तयारी या दोन अर्थांच्या सीमारेषेवर उभी आहे. म्हणूनच तिची चिकित्सा उद्बोधक ठरते.

या परीक्षांचा इतिहास फार जुना नाही. सिस्को ही कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली प्रमाणपत्र परीक्षा १९९३ मध्ये सुरू झालेली सीसीआयई होय. १९९८ मध्ये सीसीएनए ही पायाभूत पातळीवरील परीक्षा आली आणि १९९९ मध्ये कॉम्पटिया या संस्थेने कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांशी न बांधलेली नेटवर्क प्लस ही परीक्षा सुरू केली. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी शिखर बांधले गेले आणि पाया नंतर घातला गेला. सीसीआयईची कसोटी मुख्यतः प्रत्यक्ष उपकरणांवर होती. आरंभी तिची प्रयोगपरीक्षा दोन दिवस चाले, २००१ मध्ये ती एका दिवसावर, आठ तासांवर आली. उमेदवारासमोर राउटर आणि स्विच ठेवलेले असत व त्याने जाल उभे करून दाखवायचे असे. सीसीएनएमध्ये मात्र असंख्य उमेदवारांची परीक्षा थोड्या वेळात घ्यायची असल्याने संगणकाच्या पडद्यावरील पर्यायी प्रश्न हाच मुख्य मार्ग ठरला. हाताची परीक्षा नजरेची झाली. सरावसाहित्याचे पुढचे सारे स्वरूप या बदलातून घडले आहे.

२. विषयसूची : क्रियापदांचा प्रवास

कोणत्याही परीक्षेची विषयसूची ही एक संहिता असते आणि त्या संहितेत नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी असतात. कोणता विषय शिकायचा हे नाम सांगते, तर त्या विषयाचे काय करता यायला हवे हे क्रियापद सांगते.

सीसीएनएच्या विषयसूचीतील नामे काळानुसार बदलत गेली. एके काळी उमेदवारांना घाम फोडणारा फ्रेम रिले हा विषय गेला. रिप आणि ईआयजीआरपी हे मार्गनिश्चितीचे संकेतही पुढे वगळले गेले. २४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या २००-३०१ या आवृत्तीत सहा विभाग आहेत. जालाची मूलतत्त्वे २० टक्के, जालप्रवेश २० टक्के, आयपी जोडणी २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षिततेची मूलतत्त्वे १५ टक्के आणि स्वयंचलन व प्रोग्रॅमिंग १० टक्के. २०२४ च्या सुधारणेत कृत्रिम बुद्धिमत्तेचाही उल्लेख आला. तंत्रज्ञान बदलले की अभ्यासक्रम बदलणारच. याबाबत तक्रारीला जागा नाही.

क्रियापदांचा बदल मात्र विचारात पाडणारा आहे. २०१६ मध्ये आलेल्या २००-१२५ या आवृत्तीत 'रचना करा, पडताळा आणि दोषनिवारण करा' असे तीन क्रियापदांचे सूत्र कलमामागून कलमात येत असे. २००-३०१ मध्ये त्यातील 'रचना करा आणि पडताळा' एवढेच उरले. दोषनिवारण हे क्रियापद जवळजवळ लोप पावले. इंटरफेस आणि केबल यांमधील बिघाड ओळखा, अशा स्वरूपाच्या एखाद्या कलमात त्याची खूण शिल्लक आहे. विषयसूची ही केवळ मार्गदर्शक असून इतर संबंधित प्रश्नही येऊ शकतात, असे परीक्षा घेणारी संस्था नमूद करते हे खरे. तथापि सरावसाहित्याचे लेखक, प्रशिक्षणवर्ग आणि विद्यार्थी या सर्वांची नजर विषयसूचीवर खिळलेली असते. जे क्रियापद सूचीत नाही त्याला वेळापत्रकातही जागा मिळत नाही.

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाचे दैनंदिन काम कोणते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. नवे जाल उभारण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला मोजकेच येतात. 'दुसऱ्या मजल्यावरचे इंटरनेट बंद आहे' हा दूरध्वनी मात्र रोज येतो. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ज्याची गरज आहे तेच क्रियापद पायाभूत परीक्षेच्या सूचीतून मागे पडावे, ही विसंगती आहे. विशेष म्हणजे शिखरावरच्या सीसीआयई परीक्षेत २००९ मध्ये दोषनिवारणाचा स्वतंत्र विभागच आणला गेला होता. म्हणजे या कौशल्याचे मोल परीक्षकांना ठाऊक नाही असे नाही. पायाच्या पातळीवर ते मोठ्या संख्येने तपासणे अवघड आहे, हेच त्यामागचे कारण असावे.

३. दोन सरावपुस्तके, दोन वृत्ती

सीसीएनएच्या उमेदवारांच्या हाती दोन लेखकांची पुस्तके प्रामुख्याने दिसतात. टॉड लॅमल यांचे सायबेक्स प्रकाशनाचे अभ्यासपुस्तक आणि वेंडेल ओडम यांचे सिस्को प्रेसने काढलेले अधिकृत मार्गदर्शक. दोन्ही पुस्तके अनेक आवृत्त्यांतून गेलेली आहेत. मात्र सरावाविषयीची त्यांची धारणा भिन्न आहे.

लॅमल यांची शैली संवादी आहे. वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून, थट्टामस्करी करत ते विषय पुढे नेतात. प्रकरणाच्या अखेरीस लेखी अभ्यास, प्रत्यक्ष उपकरणावर करावयाचे प्रयोग आणि उजळणीचे प्रश्न अशी त्यांची मांडणी असते. सबनेटिंग शिकवताना ते पाच प्रश्नांची एक साखळी देतात. सबनेट किती, प्रत्येकात यजमान किती, वैध सबनेट कोणते, प्रत्येकाचा ब्रॉडकास्ट पत्ता कोणता आणि वैध यजमान पत्ते कोणते. ही साखळी म्हणजे एक रीत आहे. कोणताही पत्ता दिला तरी ती लागू पडते.

ओडम यांची वृत्ती अधिक शिस्तबद्ध आहे. प्रकरणाच्या आरंभीच 'हे मला आधीच येते का' अशा आशयाची छोटी चाचणी येते. तिच्यातील गुणांवरून प्रकरण संपूर्ण वाचायचे की पुढे सरकायचे, हे वाचकाने ठरवायचे असते. ही योजना वाचकाच्या प्रामाणिकपणावर विश्वास टाकते. उत्तरांच्या यादीत केवळ अक्षर न देता योग्य पर्याय योग्य का आणि इतर पर्याय चूक का याचेही विवेचन केलेले असते. सरावप्रश्नाचे खरे मोल या विवेचनात आहे. चांगला चुकीचा पर्याय तयार करणे हे कठीण काम असते, कारण प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमज असावा लागतो. विद्यार्थी तो पर्याय निवडतो तेव्हा त्याच्या मनातील गैरसमज उघड होतो आणि विवेचन त्याला हात घालते.

दोन्ही पुस्तकांची एक समान मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. प्रश्न प्रकरणाच्या आत असतो. ओएसपीएफच्या प्रकरणातील प्रश्नाचे उत्तर ओएसपीएफमध्येच असणार, हे विद्यार्थ्याला आधीच माहीत असते. प्रत्यक्षात बिघाड कोणत्या प्रकरणातला आहे हेच आधी शोधावे लागते. सोबत मिळणाऱ्या संगणकीय सरावपरीक्षांत प्रश्न मिसळलेले असल्याने ही उणीव काही अंशी भरून निघते, पूर्णपणे नाही.

४. पाढा आणि उत्तर

पाठांतराला सरसकट घोकंपट्टी म्हणून हिणवण्याची पद्धत शिक्षणविषयक लेखनात रूढ आहे. नेटवर्किंगच्या संदर्भात ही टीका जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. मराठी शाळांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी मुखोद्गत करून घेत असत. त्या पाढ्यांच्या बळावर दुकानदार कागद न घेता हिशेब करी. सबनेटिंगमधील १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५ ही मालिका असाच एक पाढा आहे. ती तोंडपाठ असल्याखेरीज १२० मिनिटांच्या परीक्षेत निभाव लागणे कठीण.

उदाहरणार्थ १९२.१६८.१०.७७ हा पत्ता आणि २७ बिटांचा मास्क दिला आहे. मास्कचा शेवटचा अंक २२४. २५६ मधून तो वजा केला की ३२ उरतात. बत्तीसच्या पटीत मोजत गेले की ७७ हा ६४ आणि ९६ यांच्या मध्ये सापडतो. म्हणून सबनेटचा पत्ता ६४ वर संपणारा, ब्रॉडकास्ट ९५ वर संपणारा आणि यजमानांसाठी ६५ ते ९४ हे तीस पत्ते. सराव झालेला विद्यार्थी हे काही सेकंदांत मनातल्या मनात करतो. हा सराव अस्सल आहे, कारण उद्या ७७ च्या जागी २०० आले तरी रीत तीच राहते.

तथापि पाढ्यामागचे कारण ठाऊक नसेल तर काय होते, याचेही उदाहरण याच विषयात सापडते. जुन्या सरावपुस्तकांत सबनेटची संख्या काढताना दोनच्या घातातून दोन वजा करण्याचा नियम असे. तीन बिट उसने घेतले तर आठ नव्हे, सहा सबनेट. या नियमाचे मूळ १९८५ च्या आरएफसी ९५० या दस्तऐवजात होते. सर्व शून्य आणि सर्व एक असलेले सबनेट टाळावेत, अशी शिफारस तेथे केलेली होती. १९९५ च्या आरएफसी १८७८ ने ही वजाबाकी कालबाह्य ठरवली आणि सिस्कोच्या आयओएस १२.० पासून शून्य सबनेट वापरण्याची मुभा उपकरणात मूलतःच सुरू झाली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे सरावप्रश्नांत वजाबाकी टिकून राहिली. समोरचे उपकरण आठ सबनेट देत होते आणि विद्यार्थी मात्र सहा हे उत्तर पाठ करत होता. कारण माहीत असलेल्याला नियम बदलल्याचा त्रास झाला नाही. उत्तर तेवढे माहीत असलेला गोंधळला.

यावरून एक कसोटी हाती येते. पाढा हा गणित सोडवण्यासाठी पाठ केला जातो, गणिताचे उत्तर म्हणून नव्हे. नवीन प्रश्नाला उपयोगी पडते ते पाठांतर सरावात मोडते. फक्त त्याच प्रश्नाला उपयोगी पडते ते मोडत नाही.

५. चोरलेले प्रश्नसंच

या कसोटीवर पूर्णपणे अनुत्तीर्ण होणारा प्रकार म्हणजे बाजारात 'डंप' या नावाने ओळखले जाणारे प्रश्नसंच. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले किंवा अन्य मार्गांनी मिळवलेले खरे प्रश्न आणि त्यांची उत्तरे, असे त्यांचे स्वरूप असते. परीक्षेपूर्वी प्रत्येक उमेदवार प्रश्न उघड न करण्याचा करार मान्य करतो, तेव्हा अशा संचाची निर्मिती हाच मुळात करारभंग असतो. हे प्रकरण केवळ नीतिशास्त्राचे नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील एका व्यक्तीने मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्र परीक्षांचे प्रश्न विकल्याच्या प्रकरणात व्यापारी गुपितांच्या चोरीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला होता. त्याच सुमारास 'पेपर एमसीएसई' हा उपहासाचा शब्द रूढ झाला. ज्याचे ज्ञान प्रमाणपत्राच्या कागदापुरतेच आहे असा अभियंता, हा त्याचा अर्थ.

रूपबंधाच्या दृष्टीने पाहिले तर डंपमध्ये प्रश्न हा प्रश्न उरतच नाही. तो उत्तराची खूण बनतो. वाचक प्रश्नातील पहिले चार शब्द आणि आकृतीची ठेवण ओळखतो आणि पर्यायावर टिचकी मारतो. विवेचन नसते, असले तरी वाचले जात नाही. अनेक संचांत उत्तरेच चुकीची असतात आणि ती चूक तितक्याच निष्ठेने पाठ केली जाते. गाइडाच्या परंपरेतही उत्तर आयते मिळे, परंतु ते निदान विद्यार्थ्याला आपल्या हाताने उत्तरपत्रिकेत लिहावे लागे. येथे तेवढाही व्यापार होत नाही.

या वाटेला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा केवळ धिक्कार करून भागणार नाही. सीसीएनएचे शुल्क तीनशे डॉलर आहे, कर वेगळा. रुपयांत ते पंचवीस हजारांच्या पुढे जाते. अनुत्तीर्ण झाल्यास पाच दिवसांनंतर पुन्हा बसता येते, पण प्रत्येक वेळी संपूर्ण शुल्क भरून. कोणता प्रश्न चुकला हे उमेदवाराला कळत नाही, विभागवार टक्केवारी तेवढी कळते. प्रश्न सोडून पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलाने कर्जाऊ पैशांवर ही परीक्षा द्यायची असेल तर नापास होण्याची चैन त्याला परवडत नाही. चुकण्याची किंमत जेवढी मोठी, तेवढा आयत्या उत्तराचा मोह मोठा. परीक्षेच्या अर्थकारणाचा हा परिणाम नजरेआड करून केलेला नैतिक उपदेश अपुरा ठरतो.

मात्र याच विद्यार्थ्याचे डंपमुळे होणारे नुकसानही सर्वांत मोठे असते, हेही तितकेच खरे. ज्याच्या घरी ओळखीपाळखी आहेत त्याला पहिली नोकरी हुकल्यावर दुसरी मिळते. ज्याच्यापाशी प्रमाणपत्राखेरीज काही नाही, त्याला मुलाखतीत समोर ठेवलेल्या स्विचवर व्हीलॅन तयार करता आला नाही तर प्रमाणपत्रही जाते आणि शब्दही जातो. त्याच्यामागून येणाऱ्या त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडेही मग संशयाने पाहिले जाते.

६. आभासी प्रयोगशाळा

सिस्को नेटवर्किंग अकॅडमी १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी तयार झालेल्या पॅकेट ट्रेसर या प्रणालीने उपकरणे विकत न घेता जाल उभारण्याची सोय करून दिली. जुन्या संगणकावरही चालणाऱ्या या प्रणालीचे ऋण ग्रामीण महाविद्यालयांनी मान्य केलेच पाहिजे. पुढे डायनामिप्स आणि त्यावर आधारलेल्या जीएनएस३ ने आणखी एक पाऊल टाकले. पॅकेट ट्रेसर राउटरचे अनुकरण करतो आणि त्यात निवडक आज्ञाच चालतात. डायनामिप्समध्ये मात्र राउटरची खरी कार्यप्रणालीच संगणकावर चालवली जाते.

सरावाच्या दृष्टीने पॅकेट ट्रेसरमधील तयार अभ्यासकृतींचे परीक्षण करणे आवश्यक आहे. या कृतींमध्ये अध्यापकाने आधी उत्तराचे जाल तयार करून ठेवलेले असते आणि विद्यार्थ्याची रचना त्याच्याशी कलमवार ताडून पाहिली जाते. पडद्यावर पूर्णतेची टक्केवारी दिसत राहते. यातून दोन दोष संभवतात. एक, सूचनापत्रातील आज्ञा क्रमाने टंकित करणारा विद्यार्थी शंभर टक्क्यांवर पोहोचतो आणि आपण काय केले हे त्याला सांगता येत नाही. दोन, वेगळ्या पण बिनचूक मार्गाने जाल चालू करणारा विद्यार्थी कमी टक्के मिळवतो. पर्यायी प्रश्नाची वृत्ती येथे प्रयोगशाळेतही शिरलेली दिसते.

दोष साधनाचा नाही, योजनेचा आहे. हेच साधन उलट्या बाजूने वापरता येते. एक उदाहरण घेऊ. व्हीलॅन २० मधील एका संगणकाला आपल्या गेटवेपर्यंत पोहोचता येत नाही. कारणे अनेक संभवतात. स्विचवरील पोर्ट दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये असेल, ट्रंकवर व्हीलॅन २० ला परवानगी नसेल, राउटरच्या उपइंटरफेसवर व्हीलॅनचा क्रमांक चुकला असेल किंवा संगणकावर गेटवेचा पत्ताच चुकीचा भरला असेल. पर्यायी प्रश्नात ही चारही कारणे अ, ब, क, ड अशी समोर मांडलेली असतात. त्यांतील एक निवडायचे. प्रयोगशाळेत ती कारणे विद्यार्थ्याला स्वतः सुचावी लागतात, कोणते आधी तपासायचे हे ठरवावे लागते, एकेक आज्ञा देऊन पुरावा गोळा करावा लागतो आणि पुराव्यावरून एकेक शक्यता बाद करावी लागते. ही सारी विचारप्रक्रिया पर्याय छापताक्षणीच प्रश्नकर्त्याने विद्यार्थ्याच्या वतीने करून टाकलेली असते.

म्हणून चालू जाल मोडून विद्यार्थ्याच्या हाती देणे, हा नेटवर्किंगमधील सर्वांत फलदायी सराव म्हणावा लागेल. त्याला शुल्क लागत नाही. लागतो तो अध्यापकाचा वेळ आणि तयारी.

७. भाषेचा प्रश्न

या परीक्षा मराठीत होत नाहीत. सीसीएनएसाठी इंग्रजीखेरीज जपानीचा पर्याय आहे, भारतीय भाषांचा नाही. सरावप्रश्नांची इंग्रजी साधी असली तरी सरळ असतेच असे नाही. 'पुढीलपैकी कोणते दोन', 'सर्वांत योग्य', 'यांपैकी कोणते नाही' अशा शब्दयोजनेवर उत्तर फिरते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तांत्रिक आशय जाणत असूनही वाक्यरचनेत अडखळतो आणि वेळ गमावतो. अशा विद्यार्थ्यासाठी प्रामाणिक प्रश्नपेढ्यांवरील सराव हा भाषेचाही सराव असतो, ही त्यांची जमेची बाजू होय.

परंतु यातून एक निसरडी वाट फुटते. वाक्य समजले नाही तरी उत्तर ओळखता येते, हे ध्यानात आले की विद्यार्थी वाक्य समजून घेण्याचा प्रयत्न सोडतो. त्यावर उपाय म्हणजे विचार मातृभाषेत होऊ देणे. राउटर, स्विच, ट्रंक, गेटवे हे शब्द आता मराठीत रुळले आहेत. त्यांना पर्यायी शब्द शोधत बसण्याची गरज नाही. 'पॅकेट इथपर्यंत येते, पुढे जात नाही, कारण परतीचा मार्गच राउटरला ठाऊक नाही' असे वाक्य विद्यार्थ्याने मराठीत स्पष्टपणे उच्चारले, तर त्याला विषय समजला आहे याविषयी शंका राहत नाही. तेच वाक्य त्याला कोणत्याच भाषेत सांगता येत नसेल, तर सरावपरीक्षेतील नव्वद टक्के गुणांना अर्थ उरत नाही.

८. महाविद्यालयाची जबाबदारी

डंपचा विद्यार्थी अचानक जन्माला येत नाही. प्रमाणपत्र परीक्षेच्या वाटेला जाण्यापूर्वी तो महाविद्यालयात तीन वर्षे घालवून आलेला असतो. त्या तीन वर्षांत प्रात्यक्षिकाची जर्नल मागील वर्षीच्या विद्यार्थ्याकडून आणून उतरवून काढली जाते, तिच्यातील निष्कर्ष प्रयोग होण्यापूर्वीच लिहिलेला असतो आणि तिच्यावर स्वाक्षरी होते. प्रात्यक्षिक परीक्षेत कोणता प्रयोग कोणाच्या वाट्याला येणार याची कुणकुण लागलेली असते. ही वस्तुस्थिती अध्यापकवर्गाला अपरिचित नाही. उतरवलेली जर्नल आणि चोरलेला प्रश्नसंच यांत तत्त्वतः फरक करता येणार नाही. दोन्हींत कृतीवाचून निष्कर्ष मिळतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांत कौशल्याधारित विषयांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे नेटवर्किंगसारखे विषय प्रशिक्षणवर्गांतून महाविद्यालयाच्या वर्गात येत आहेत. त्यांच्याबरोबर सरावपरीक्षेची पद्धतही येईल, कारण ती सोपी आहे. शंभर पर्यायी प्रश्न संगणकावर चढवले की मूल्यमापन आपोआप होते. मात्र तसे झाले तर श्रेयांक हे प्रमाणपत्राचेच दुसरे नाव ठरेल.

याला पर्याय अवघड असला तरी अशक्य नाही. अंतर्गत मूल्यमापनातील काही गुण मोडलेल्या जालाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याला दोष वेगळा देता येतो, म्हणजे उतरवण्याचा प्रश्नच मिटतो. जर्नलच्या जागी दोषवही ठेवता येते. कोणते लक्षण दिसले, कोणती शंका आली, काय तपासले, कोणती शंका खोटी ठरली आणि शेवटी काय सापडले, या पाच नोंदी तिच्यात असाव्यात. खोट्या ठरलेल्या शंकांना गुण द्यावेत, कारण त्यांतूनच विचाराचा माग लागतो. तोंडी परीक्षा मराठीत घ्यावी. या पद्धतीत मोठ्या वर्गाची तपासणी वेळखाऊ होईल, ही अडचण खरी आहे. आधीच अध्यापनाचा भार वाढलेल्या, पदे रिक्त असलेल्या विभागांना ती अधिक जाणवेल. तरीही सत्रातून निदान दोन वेळा असे मूल्यमापन होणे हाताबाहेरचे नाही.

९. समारोप

प्रमाणपत्र परीक्षा निरुपयोगी आहेत, असा या चिकित्सेचा रोख नाही. विद्यापीठाचे नाव न ऐकलेल्या मालकापुढे लहान गावातील पदवीधराला उभे करण्याचे सामर्थ्य या परीक्षांनी दाखवले आहे. उत्तम सरावपुस्तके ही अध्यापक नसलेल्या ठिकाणी अध्यापकाचे काम करतात. सबनेटिंगसारख्या विषयात पाठांतराला पर्याय नाही. परंतु सरावप्रश्नाच्या रूपबंधात एक मूलभूत मर्यादा आहे. त्यात शक्यता आधीच मोजून दिलेल्या असतात आणि जालातील बिघाड शक्यता मोजून देत नाही.

पायाभूत परीक्षेच्या विषयसूचीतून दोषनिवारण हे क्रियापद मागे पडले असेल, तर ते वर्गात परत आणणे महाविद्यालयाच्या हाती आहे. परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांवर महाविद्यालयांचा अधिकार चालत नाही, शुल्कावर चालत नाही, डंप विकणाऱ्यांवर तर नाहीच. चालतो तो आपल्या प्रात्यक्षिकाच्या तासावर आणि जर्नलवरील स्वाक्षरीवर. सुधारणेचा प्रारंभ त्या स्वाक्षरीपासून व्हावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.